मदत हवी आहे: वॉशिंग मशीनवर 'आयई' ही अक्षरे वारंवार येतात, नळाला पाणी मात्र आहे

निशिगंध (धागाकर्ती) :
नमस्कार. गेल्या आठ दिवसांपासून आमचे वॉशिंग मशीन सुरू केल्यावर काही मिनिटे नुसते घूं घूं करत राहते, पडद्यावर 'आयई' अशी दोन अक्षरे दाखवते आणि पिप-पिप करून थांबते. नळ उघडा आहे व टाकीत पाणी आहे, हे मी स्वतः पाहिले आहे, त्यामुळे कृपया तेवढे सांगू नये. परवा तंत्रज्ञ येऊन गेले. त्यांनी मशीनचे मागचे झाकणही न उघडता पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेल्याचे सांगितले आणि साडेसहा हजारांचा अंदाज दिला. माहितीपुस्तिका घर बदलताना हरवली. घरात अडीच महिन्यांचे बाळ आहे, दुपट्यांचा ढीग वाढतो आहे, आणि सोमवारी त्या तंत्रज्ञांना होकार किंवा नकार कळवायचा आहे. या अक्षरांचा नेमका अर्थ काय, आणि पीसीबी बदलावा की नाही, एवढेच कोणी सांगेल का?

पेठकर :
मशीनचा प्लग काढून दहा मिनिटे तसाच ठेवावा आणि पुन्हा लावावा. आमच्याकडे दर वेळी याच उपायाने काम होते.

निशिगंध :
हे चार वेळा करून झाले आहे. अक्षरे जातात, पुन्हा सुरू केले की पुन्हा येतात.

जुना वायरमन :
ताई, कंपनी कोणती आणि मशीन फ्रंट लोड आहे की टॉप लोड, हे आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय या अक्षरांचा अर्थ सांगणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल. हे संकेत सगळ्या कंपन्यांत सारखे नसतात. 'एलई' हाच संकेत घ्या. एलजीच्या मशीनमध्ये तो मोटर अडकल्याचे सांगतो, तर सॅमसंगच्या मशीनमध्ये पाणी गळत असल्याचे. बॉशच्या मशीनवर पाणी बाहेर जात नसेल तर 'ई18' येते. त्यामुळे शेजारच्यांच्या मशीनचा अर्थ आपल्या मशीनला लावून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, आपण वाचलेले पहिले अक्षर खरोखर 'आय' आहे की 'एक' हा आकडा, याची खात्री करावी. या पडद्यांवर प्रत्येक अक्षर सात छोट्या रेघांतून उमटते. त्यात इंग्रजी 'एस' आणि 5 सारखेच दिसतात, 'ओ' आणि शून्य सारखे दिसतात, आणि 'आय' व 1 यांत तर काहीच फरक नसतो. सॅमसंगचा 'पाच-ई' हा निचऱ्याचा संकेत कितीतरी लोक 'एसई' असा वाचतात. आपल्या बाबतीत हा घोळ जास्त महागात पडेल, कारण एका कंपनीत 'आयई' म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरेसे पाणी आत आले नाही, आणि दुसऱ्या कंपनीत हुबेहूब तसाच दिसणारा 'एक-ई' म्हणजे पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरमध्ये बिघाड. पहिल्यात पैसे बहुधा लागत नाहीत, दुसऱ्यात लागू शकतात.

निशिगंध :
कंपनी कोरियन आहे. मशीन फ्रंट लोड, सात किलोचे, चार वर्षांचे आहे.

जुना वायरमन :
ताई, मी ज्या दोन कंपन्यांबद्दल लिहिले त्या दोन्ही कोरियनच आहेत. नाव उघड लिहायचे नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

अरण्यवाट :
धागाकर्तीने निचऱ्याचा पाइप आधी पाहावा, असे माझे ठाम मत आहे. आमच्याकडे हाच प्रकार झाला होता. पाइप बाथरूमच्या जमिनीवर नुसता टाकून ठेवला होता, त्यामुळे जेवढे पाणी आत येई तेवढेच पाइपातून आपोआप निघून जाई आणि ड्रम काही भरत नसे. मशीनला वाटते की पाणी आलेच नाही. हा पाइप जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवरून नेऊन मगच खाली सोडावा लागतो. आम्ही तो वर टांगला, आणि त्या दिवसापासून एकदाही संकेत आलेला नाही.

निशिगंध :
आमचा पाइप भिंतीतल्या निचऱ्याच्या तोंडात बसवलेला आहे. ते तोंड माझ्या कमरेच्या जरा खाली येते.

अरण्यवाट :
तरीही एकदा तपासावे. पाइप तोंडात फार खोल खुपसलेला असेल तरी पाणी ओढले जाते.

जुना वायरमन :
अरण्यवाट यांचा मुद्दा बिनबुडाचा नाही, पण तो तपासायला अर्धा मिनिट पुरते. मशीन पाणी घेत असताना निचऱ्याच्या तोंडाशी कान द्यावा. तेथे पाणी पडल्याचा आवाज नसेल तर तो विषय तेथेच संपतो.

ताई, व्यनि मिळाला. आपल्या मशीनमध्ये ते अक्षर 'आय'च आहे आणि अर्थ पाणी कमी येण्याचा आहे. म्हणजे मशीन सेन्सर बिघडल्याची तक्रार करत नाही, 'मी वाट पाहिली, पाणी पुरले नाही' एवढेच म्हणते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी की हा संकेत रोगाचे नाव सांगत नाही, केवळ लक्षण सांगतो. ते लक्षण नळापासून पीसीबीपर्यंतच्या वाटेवर कोठेही अडथळा आला तरी दिसते: नळ, पाइप, मशीनच्या मागच्या तोंडातली जाळी, इनलेट व्हॉल्व्ह (पाणी आत सोडणारी झडप), त्याची वायर आणि सगळ्यांत शेवटी पीसीबी. जो माणूस शेवटच्या टोकापासून सुरुवात करतो, त्याचा हेतू मला तपासावासा वाटतो. आता एवढे सांगावे, की हा संकेत दिवसाच्या कोणत्या वेळी येतो?

ताम्रपट :
मला वाटते सगळे जण मूळ कारण सोडून भलतीकडे निघाले आहेत. धागाकर्तीकडे पाणी जड असणार. मशीन रिकामे ठेवून, ड्रममध्ये शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून, गरम पाण्याचा कार्यक्रम एकदा पूर्ण चालवावा. आतला सगळा क्षार निघून जातो.

जुना वायरमन :
ताम्रपट, ज्या मशीनमध्ये पाणीच येत नाही त्यात गरम पाण्याचा कार्यक्रम पूर्ण कसा चालवायचा, हे आपण सांगितलेले नाही. शिवाय लिंबूसत्त्व ड्रममधला आणि हीटरवरचा क्षार काढते, आणि ते उपयोगीही आहे, पण इनलेटची जाळी ड्रमच्या अलीकडे असते. पाणी तिच्यातून आत जाते, उलट येत नाही.

ताम्रपट :
मी दहा वर्षे हाच उपाय करतो आहे.

बोरिवली लोकल :
म्हणूनच मी प्रत्येकाला टॉप लोड घ्यायला सांगतो. पाणी नसेल तर वरून बादलीने ओतता येते. फ्रंट लोड हे आपल्याकडच्या पाण्यासाठी नव्हेच.

निशिगंध :
नवे मशीन घ्यायचे नाही. कृपया.

जुना वायरमन यांच्या प्रश्नाचे उत्तर: बहुतेक वेळा सकाळी आठ-नऊच्या सुमारास येतो. मधे दोनदा रात्री अकरानंतर लावले तेव्हा कपडे व्यवस्थित धुतले गेले. मला तो योगायोग वाटला, म्हणून लिहिले नाही.

जुना वायरमन :
ताई, हे पहिल्या प्रतिसादात कळले असते तर अर्धा धागा वाचला असता. पीसीबी सकाळी बिघडून रात्री दुरुस्त होत नाही. सकाळी कमी होतो तो पाण्याचा दाब. आपण कितव्या मजल्यावर राहता आणि टाकी कोठे आहे?

निशिगंध :
सोलापूर. चार महिन्यांपूर्वी आम्ही पाचव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहायला आलो. टाकी आमच्या डोक्यावर, गच्चीतच आहे. म्हणूनच मला वाटले की पाणी आम्हाला सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात मिळते.

जुना वायरमन :
हा गैरसमज फार लोकांचा आहे. पाण्याचा दाब टाकी किती जवळ आहे यावर नाही, तर ती नळापेक्षा किती उंच आहे यावर ठरतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. आपल्या नळापासून टाकीतल्या पाण्याची पातळी तीन मीटर वर धरली, तर दाब जेमतेम 0.3 बार भरतो, आणि बऱ्याच फ्रंट लोड मशीनच्या पुस्तिकांत किमान दाब 0.5 ते 1 बार लिहिलेला असतो. पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाला त्याच टाकीतून आपल्या कितीतरी पट दाब मिळतो. सकाळी सगळी इमारत एकाच वेळी पाणी घेते, टाकीतली पातळी खाली जाते, आणि उरलासुरला दाबही कमी होतो.

तरीही एक गोष्ट माझ्या हिशेबात बसत नाही. दाब चार महिन्यांपासून कमीच आहे, मग तक्रार गेल्या आठच दिवसांत का? वाटेत काहीतरी हळूहळू तुंबत गेले असावे. मशीनचा इनलेट पाइप थेट नळालाच जोडलेला आहे ना?

निशिगंध :
नळाला थेट नाही. मध्ये ते फिल्टर आहे, इकडे आल्यावर प्लंबरने बसवले होते. पाणी जड आहे म्हणून आत खड्यांसारखे काहीतरी असते.

जुना वायरमन :
आणि ते आपण आजपर्यंत सांगितले नाही.

निशिगंध :
ते मशीनचा भाग नाही, म्हणून मला सांगण्यासारखे वाटले नाही.

दूरदेशी :
मी जर्मनीत राहते. येथे बहुतेक घरांत मशीनला फक्त थंड पाण्याचाच नळ जोडतात आणि पाणी मशीनच तापवते. धागाकर्तीच्या मशीनला मागे दोन तोंडे असतील आणि गरम पाण्याचा नळ बंद असेल, तर गरम कार्यक्रम निवडल्यावर पाणी अडू शकते, हेही पाहावे.

निशिगंध :
आमच्या मशीनला एकच तोंड आहे. धन्यवाद.

जुना वायरमन :
आता पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात. आधी मशीनचा प्लग काढावा, केवळ बटण बंद करून भागत नाही. मग नळ बंद करून इनलेट पाइपचे मशीनकडचे टोक सोडवावे, ते बादलीत धरावे आणि नळ पूर्ण उघडून दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. त्यानंतर तो खडे भरलेला फिल्टर काढून पाइप थेट नळाला लावावा व पुन्हा तेच मोजावे. दोन्ही आकडे येथे लिहावेत. हे शक्यतो सकाळी, त्रास होतो त्याच वेळी करावे, नाहीतर रात्रीच्या दाबावर सगळे उत्तम दिसेल.

पाइप निघालेलाच असताना मशीनच्या तोंडात बॅटरीच्या उजेडात पाहावे. तेथे प्लास्टिकची छोटी गोल जाळी असते आणि तिच्या मधोमध एक बारीक उंचवटा असतो. तो पक्कडीने हलकेच धरून सरळ बाहेर ओढावा. पिरगाळू नये, कारण जाळी तुटली तर कचरा थेट व्हॉल्व्हमध्ये जातो. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती वाहत्या पाण्याखाली घासून पुन्हा बसवावी. ती टाकून मात्र देऊ नये. काही प्लंबर 'दाब वाढेल' म्हणून ती कायमची काढून टाकतात, मग वाळूचा एखादा कण व्हॉल्व्हच्या पडद्याखाली अडकतो आणि मशीन बंद असतानाही ड्रममध्ये थेंब थेंब पाणी साचत राहते.

पेठकर :
व्हॉल्व्ह जळला असेल तर?

जुना वायरमन :
जळलेला व्हॉल्व्ह रात्री अकरा वाजता उघडला नसता. तरी ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांच्यासाठी लिहितो की अशा व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध साधारणपणे चार किलोओमच्या आसपास येतो. तो अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटलेली आहे. ताईंनी हे करण्याची गरज नाही.

निशिगंध :
आज सकाळी साडेआठ वाजता मोजले. फिल्टरसह दहा लिटरची बादली भरायला चार मिनिटे दहा सेकंद लागले. फिल्टर काढून थेट नळावर पंचावन्न सेकंद. फिल्टर उघडला तेव्हा आत खडे जवळपास उरलेलेच नव्हते. तळाशी तांबूस गाळ बसला होता आणि त्याच्या जाळीवरचा थर बोटाने दाबूनही मऊ होत नव्हता. मशीनच्या तोंडातल्या जाळीवरही तसाच, पण कमी थर होता. ती घासून बसवली. निचऱ्याच्या तोंडाशी कान देऊनही पाहिले, तेथे काही आवाज नव्हता.

आता फिल्टरशिवाय लावले आहे. पाणी आले, ड्रम फिरतो आहे. पूर्ण झाल्यावर लिहिते.

जुना वायरमन :
फिल्टरसह मिनिटाला सुमारे अडीच लिटर, फिल्टरशिवाय सुमारे अकरा. साडेसहा हजारांचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

अरण्यवाट :
निचऱ्याच्या पाइपची उंची तरीही टेपने मोजून घ्यावी.

ताम्रपट :
म्हणजे शेवटी कारण क्षाराचेच निघाले. मी हेच म्हणत होतो.

जुना वायरमन :
आपण ड्रमबद्दल म्हणत होता. शिवाय तांबूस गाळ हा बहुधा गंजाचा आणि मातीचा असतो, लिंबूसत्त्वाने विरघळणारा क्षार पांढरा असतो. असो.

निशिगंध :
पूर्ण धुणे झाले, संकेत आला नाही. दुसरे लावले आहे. तंत्रज्ञांना पीसीबी नको असल्याचे कळवले. आता एकच प्रश्न राहतो. आमच्याकडे नळाचे पाणी काही दिवसांआड येते आणि मधल्या दिवसांत टाकीत बोअरचे पाणी चढवतात. ते इतके जड आहे की बादलीला पांढरा थर बसतो. फिल्टर कायमचा काढून टाकला तर हीटर खराब होईल का?

जुना वायरमन :
बोअरचे पाणी असेल तर फिल्टर ठेवणे चांगले, पण आपल्या दाबावर तो गाळाने भरलेला किंवा तुंबलेला चालणार नाही. आतले खडे पाण्यात हळूहळू विरघळून क्षाराला चिकटू देत नाहीत, म्हणून ते संपणे स्वाभाविक आहे, गाळ साचणे मात्र नाही. नवे खडे भरावेत, फिल्टरची जाळी दर महिन्याला धुवावी, आणि बसवल्यावर पुन्हा बादली लावून पाहावी. दहा लिटरला दीड मिनिटाच्या वर वेळ लागू लागला की संकेताची वाट न पाहता उघडावा. टाकीच्या तळाशी गाळ आहे का, हे सोसायटीला विचारावे, कारण तो येतो तेथूनच. तोपर्यंत लिंबूसत्त्वाचा उपाय दोन-तीन महिन्यांतून एकदा करायला हरकत नाही. ताम्रपट यांना तेवढे श्रेय द्यावे.

बोरिवली लोकल :
टॉप लोडला एवढे काही करावे लागत नाही.

जुना वायरमन :
टॉप लोडच्या तोंडातही तीच जाळी असते. आपण ती शेवटची कधी पाहिली?

बोरिवली लोकल :
पाहून सांगतो.

निशिगंध :
दुसरे धुणेही झाले. दुपटी वाळत घातली आहेत. खडे उद्या आणते. बादलीचा आकडा बसवल्यानंतर लिहीन.