जुन्या ट्रकचा केबिन हीटर: मुंबईत गरम, उत्तरेत थंड. आधी काय तपासू?

नमस्कार. गाडी सहा चाकी, २०१२ चं मॉडेल, कंपनी फिटिंग हीटर. धाकटा भाऊ चालवतो. वाशी मार्केटमधून किराणा भरून जम्मू आणि परतीला काश्मीरच्या कोल्ड स्टोअरचं सफरचंद, असा हिवाळ्यातला फेरा असतो.

तक्रार अशी की मुंबईत हीटर लावला तर हवा बऱ्यापैकी गरम येते. इथे थंडीसाठी हीटर कुणी लावत नाही, पण पावसाळ्यात काच धुरकटली की आम्ही लावतो आणि काच साफ होते. गाडी राजस्थान ओलांडून पंजाबात शिरली की मात्र रात्री नुसतं कोमट वारं. काश्मीरच्या वाटेवर डोंगरात, बनिहालच्या बाजूला तेही नाही. ब्लोअर सगळ्या स्पीडवर जोरात फिरतो, तेव्हा मोटर ठीक असावी.

भावाने सांगितलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. उधमपूरच्या चढाला भरल्या गाडीत हीटर चांगला तापतो. उतार लागला की थोड्याच वेळात गार. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं तरी गारच.

वडाळ्याला एका मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, हीटर कॉइल चोक आहे, अख्खा डॅशबोर्ड खोलून नवी टाकावी लागेल. दुसऱ्यांचं म्हणणं, जुन्या गाडीत या भानगडीत पडूच नका. हीटरचे दोन्ही पाईप एकमेकांना जोडून बायपास करून देतो, ड्रायव्हरला चांगली रजई घेऊन द्या.

रजईने काच साफ होत नाही. जानेवारीच्या धुक्यात आधीच पुढचं दिसत नाही, त्यात आतून बाफ धरते. भाऊ एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने फडकं मारत चालवतो. आणि मला याहून मोठी काळजी शेगडीची आहे. ढाब्यावर गाड्या लागतात तिथे काही ड्रायव्हर केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवून, काचा बंद करून झोपतात. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये साठतो, त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही. उत्तरेतून दर हिवाळ्यात अशा मरणाच्या बातम्या येतात. भावाला शपथ घातली आहे, पण मध्यरात्री हातपाय आखडल्यावर ती शपथ किती टिकेल, या विचाराने झोप लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली हे फार चांगलं झालं. जुन्या गाडीतल्या माणसांची सोय आपल्यालाच बघावी लागणार.

बाकी माहिती: टाकीत पाणी लेव्हलला आहे, रंग तांबूस. पायाखालची मॅट कोरडी. हीटरची केबल हलते, दुसऱ्या टोकाला वॉल्व्ह पूर्ण उघडतो का ते बघितलेलं नाही. गाडी सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने काय काम केलंय माहीत नाही. डॅशबोर्ड खोलायच्या आधी काय काय तपासता येईल?

प्रतिसाद: जुनं_डिझेल

डॅशबोर्डला हात लावू देऊ नका. पहिला प्रश्न: थंडीत सपाट रस्त्यावर टेंपरेचरचा काटा कुठे असतो?

हीटर स्वतः काहीच तापवत नाही. इंजिनातलं गरम पाणी कॉइलमधून फिरतं आणि ब्लोअर तिच्यावरून हवा ढकलतो, एवढंच. पाणीच गरम नसेल तर नवी कॉइल टाकून पैसे वाया. भरल्या गाडीत चढाला गरम आणि उताराला गार, याचा अर्थ इंजिनावर ताण असतो तेवढ्यापुरतंच पाणी तापतंय. मला थर्मोस्टॅट वॉलचा संशय आहे, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारी झडप. तो उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की वॉल काढून फेकायची खोड जुनी आहे. मुंबईच्या हवेत त्याचा पत्ता लागत नाही, कारण बाहेरच ३० अंश. पण वॉल नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं, आणि पंजाबच्या थंडीत रेडिएटर ते तापूच देत नाही. इंजिन सतत थंड चाललं की डिझेल जास्त जातं, ऑइल लवकर खराब होतं, लायनर-रिंगची झीज वाढते. काही इंजिनांत हाच वॉल पूर्ण उघडला की बायपासचं तोंड बंद करतो. तिथे तो काढला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतो आणि गाडी उलट जास्त तापते. म्हणजे ज्यासाठी काढला तेच दुखणं वाढतं.

तपासणी सोपी आहे. सकाळी गार इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाईपवर हात ठेवा. वॉल ठीक असेल तर इंजिन तापत जाईल तरी पाईप बराच वेळ गार राहील, मग वॉल उघडताच एकदम चटका बसेल. पाईप सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडा आहे किंवा नाहीच.

प्रतिसाद: घाटवाट

वरच्याशी सहमत, पण सोबत हीटरचे दोन पाईपही बघून घ्या. इंजिन पूर्ण तापल्यावर, हीटर फुलवर ठेवून, केबिनकडे जाणारा आणि परत येणारा असे दोन्ही पाईप हाताळा. पंख्यापासून हात लांब ठेवा.

दोन्ही कडकडीत असतील तर पाणी नीट फिरतंय, दोष हवेच्या बाजूला: आतली झडप अडकली असेल, नाहीतर बाहेरची थंड हवा आत खेचली जात असेल. जाणारा गरम आणि येणारा गार असेल तर कॉइल चोक किंवा वॉल्व्ह अर्धवट. केबल हलते म्हणून वॉल्व्ह उघडला असं धरू नका, क्लिप निसटली की नुसती केबल हलते. दोन्ही कोमट, तर थर्मोस्टॅट वॉलकडेच बघा.

एअरलॉकची, म्हणजे पाण्याच्या वाटेत हवा अडकल्याची खूण वेगळी. त्यात रेस केली की गरम हवा येते, आयडलला गार पडते, आणि डॅशबोर्डच्या मागे पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. हवा काढून टाकली तरी परत परत भरत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) तपासायला हवं. तुमच्या वर्णनात खळखळाट नाही, म्हणून मी एअरलॉक मागे ठेवतो. केबिन टिल्ट होणारी असेल तर ती खाली बसवताना पाईप दबलाय का, एवढं बघा.

पाण्याचा तांबूस रंग मात्र मला आवडला नाही. तो गंज आहे. साधं पाणी भरत आलेल्या गाडीत गीझरच्या कॉइलवर बसतो तसा थर हीटर कॉइलमध्येही बसतो. शिवाय बनिहालला साधं पाणी गोठलं तर ब्लॉक फुटू शकतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घातलं तर उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही.

प्रतिसाद: शिवडी_गोदी

खर्चाशिवाय खात्री करायची असेल तर पंजाबातले ड्रायव्हर हिवाळ्यात करतात ते करा. रेडिएटरच्या पुढे अर्ध्या भागाला पुठ्ठा लावा. काटा वर येऊन हीटर गरम झाला तर कॉइल निर्दोष, रोग इंजिन गार राहण्याचा. पण काट्यावर नजर हवी, आणि चढ लागायच्या आत पुठ्ठा काढायचा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ परवा परत आला. काट्याबद्दल विचारलं तर म्हणाला, तिकडे काटा पांढऱ्या पट्टीतून वर येतच नाही, मला वाटलं थंडीत तसाच राहत असेल.

सकाळी वरच्या पाईपवर हात ठेवून उभा राहिलो. चालू केल्यापासून पाईप कोमट होत गेला, एकदम चटका असा बसलाच नाही. मिस्त्रींना समोर उभं राहून हाउसिंग खोलायला लावलं. आत वॉल नाही. बसायच्या खाचेत सिलिकॉनचा करडा थर, त्यावर गंजाची पूड.

इंजिन नंबर दाखवून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नवा वॉल आणि पॅकिंग आणलं. बसवण्याआधी घरी पातेल्यात पाणी तापवून वॉल दोऱ्याने मधोमध लटकवला, तळाला टेकू दिला नाही. थर्मामीटर ८० पार करेपर्यंत चकती गच्च मिटलेली. ८२ च्या पुढे फट दिसली, मग स्प्रिंग दाबली जाऊन तोंड पूर्ण उघडलं. गॅस बंद केल्यावर तसंच हळूहळू मिटलं. वॉलवर ८२ चाच शिक्का आहे.

बसवून पहाटे कसाऱ्यापर्यंत रिकामी गाडी नेली. काटा मधोमध येऊन थांबला, उतारालाही पडला नाही. हवा आता चांगली गरम आहे. पण हीटरचा परतीचा पाईप जाणाऱ्यापेक्षा अजून बराच गार लागतो. वॉल्व्ह पूर्ण उघडतो, ते बघितलं. आता कॉइल बदलावीच लागेल का?

प्रतिसाद: घाटवाट

आधी धुऊन बघा. इंजिन गार असताना दोन्ही पाईप केबिनच्या बाजूने सोडवा आणि परतीच्या तोंडातून नळाचं पाणी उलट्या दिशेने सोडा. दाब कमी ठेवा, जुनी कॉइल जोराच्या पाण्याने फुटते. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. आधी गढूळ येईल, स्वच्छ पाणी येईपर्यंत चालू ठेवा. इंजिन आणि रेडिएटरही त्याच वेळी धुवा, नाहीतर तीच घाण परत कॉइलमध्ये जाईल.

मग नवं कूलंट भरताना हीटर फुलवर ठेवा, गाडीचं तोंड चढावर करा, बुडबुडे थांबेपर्यंत घाई नको. गरम असताना कॅप उघडू नका. जुनी कॅपही बदलून टाका, तिचं रबर कडक झालं की प्रेशर धरत नाही. पुढे काही दिवस मॅट आणि काच बघत राहा. केबिनमध्ये गोडसर वास आला किंवा काचेवर चिकट बाफ धरली तर कॉइल गळतेय, तेव्हा मात्र डॅशबोर्ड खोला.

धागाकर्ता

धुतली. आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग बाजरीएवढे पापुद्रे, शेवटी स्वच्छ. कूलंट आणि कॅप दोन्ही नवीन. आता दोन्ही पाईप जवळपास सारखे गरम आहेत आणि पुढची काच साफ राहते. भाऊ सोमवारी जम्मूचा माल भरतोय. केबिनमध्ये एक जादा वॉल आणि कूलंटचा कॅन ठेवला आहे. परत आल्यावर बनिहालचा काटा कुठे होता ते इथेच लिहितो.