मदत हवी आहे: इंजिन गरम झालं की रेस (इंजिनाची गती) वर-खाली होते, एसी लावला की शांत होते (२००४ ची मारुती आठशे, एमपीएफआय)

नमस्कार मंडळी,

गाडी २००४ ची आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पेट्रोल, एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल फवारणारी), एसीवाली. ९१ हजार किलोमीटर झाले आहेत. मी राळेगाव तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यात राहतो. बाबांना दर पंधरा दिवसांनी सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं आणि एस.टी.च्या धक्क्यात ते आता बसू शकत नाहीत. गेल्या खेपेला वर्धा नदीच्या पुलाच्या तोंडाशी एक ट्रक बंद पडला होता. त्या रांगेत आमची गाडी दोनदा बंद पडली. बाहेर त्रेचाळीस डिग्री, बाबा मागच्या सीटवर. तेव्हापासून मला गाडी बाहेर काढायची धास्ती वाटते, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

सकाळी गार इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होतं. रेस जरा चढी असते, पण एकसारखी. सात-आठ मिनिटांनी इंजिन तापलं की खेळ सुरू होतो. रेस आपोआप चढते, एकदम पडते, परत चढते. साधारण दोन सेकंदांचा हेलकावा, अगदी घड्याळासारखा. कधी पडता पडता इतकी खाली जाते की बंदच होते. रस्त्यावर चालताना मात्र काही तक्रार नाही, पिकअप ठीक, चौथ्या गिअरमध्ये साठनं छान जाते. मिसिंग नाही, धूर नाही. चेक इंजिनचा दिवा चावी दिल्यावर लागतो आणि गाडी सुरू झाली की विझतो, म्हणजे जसा हवा तसाच.

मला सगळ्यात चमत्कारिक वाटतं ते हे: एसी लावला, हेडलाइट लावले की हेलकावे थांबतात. लोड टाकल्यावर गाडी दमायला हवी ना? इथे उलटंच.

या गाडीत आरपीएमचा काटा नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून सायलेन्सरजवळ मोबाइल धरून आवाजाची वारंवारता मोजून पाहिली. तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दीड स्फोट करतं. म्हणजे ८५० आरपीएमला सुमारे २१ हर्ट्झ यायला हवेत. माझ्याकडे आकडा २२ वरून ४२ वर जातो आणि परत येतो. म्हणजे साधारण ८८० ते १६८० आरपीएम.

आतापर्यंत काय केलं: तालुक्याच्या फिटरनं प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर बदलले. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केली. काळं कार्बन निघालं, फरक शून्य. मग त्यानं थ्रॉटलच्या स्टॉपरचा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा फिरवला. ‘आता नाई बंद पडत भाऊ,’ म्हणाला. बंद पडणं थोडं कमी झालं, हेलकावे तसेच. दुसऱ्या ठिकाणी दाखवली तर ‘इंजेक्टर आन् ईसीएम दोन्ही गेले’ (म्हणजे पेट्रोल फवारणारे नोझल आणि इंजिनाचा कॉम्प्युटर) म्हणून १४ हजारांचा खर्च सांगितला. तपासलं काय, तर नुसता आवाज ऐकला. साधा ब्लूटूथ स्कॅनर माझ्या मित्राकडे आहे, पण इतक्या जुन्या गाडीशी तो बोलतच नाही. पेट्रोल पंपावरचे म्हणतात ई-२० मुळे (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे) होतं.

माझ्याकडे पाने, मल्टिमीटर, पक्कड एवढं सामान आहे. जवळचं बरं गॅरेज ३५ किलोमीटरवर. न तपासता एकेक पार्ट बदलत जायची माझी ऐपत नाही. कोणती तपासणी आधी करू, आणि कोणता निकाल आला तर काय समजायचं, एवढं कोणी सांगेल का?

प्रतिसाद १

भाऊ, पंधरा वर्षं याच गाड्यांवर काम करतोय. तुम्ही इतकं नीट लिहिलंय की निम्मं निदान तुमच्याच मजकुरात आहे. इंजेक्टर, ईसीएम काही घेऊ नका.

तुमच्या इंजिनात कुठून तरी फुकटची हवा शिरतेय, थ्रॉटलच्या मागच्या बाजूनं. या गाडीत हवा मोजायला मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीचा) दाब पाहणारा सेन्सर आहे. जास्तीची हवा आली की दाब वाढतो, ईसीएमला वाटतं इंजिनाला हवा जास्त मिळतेय, तो पेट्रोलही वाढवतो. म्हणून गाडी मिसिंग मारत नाही, नुसती रेस चढते. आता गंमत पुढे आहे. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही आणि रेस एका हद्दीपलीकडे गेली की ईसीएम समजतो, गाडी उतारावर आहे. तो पेट्रोल तोडतो. रेस पडते, तो पेट्रोल परत सोडतो, रेस परत चढते. तो तुमचा दोन सेकंदांचा हेलकावा. इंजिन गार असताना ही हद्द वर ठेवलेली असते, म्हणून सकाळी शांत. एसीच्या लोडनं रेस हद्दीच्या खाली राहते, म्हणून तेव्हाही शांत. इंजेक्टर खराब असता तर एसी लावल्यावर हाल वाढले असते.

ई-२० चं म्हणाल तर जुनं रबर त्यानं लवकर खराब होऊ शकतं, ते पाईप बघून घ्याच. पण पेट्रोलचा दोष एसीच्या बटणानं जात नाही.

तपासणी: इंजिन तापून हेलकावे सुरू झाले की मॅनिफोल्डकडे जाणारा प्रत्येक रबरी पाईप पक्कडीत फडकं घालून एकेक करून चिमटा. ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणारा डबा), पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा परत ओढणारी झडप), कॅनिस्टरचा (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा धरणारा डबा). ज्याला चिमटल्यावर रेस खाली बसेल तो गुन्हेगार. पाईप मॅनिफोल्डच्या टोकाशीच चिमटा, दुसऱ्या टोकाला चिमटून मधली चीर कळणार नाही. कुठेच फरक पडला नाही तर गॅस्केट (जोडातलं पॅकिंग) गेलंय. त्यासाठी रेडिएटरचा पंखा लागायच्या आत पेटती अगरबत्ती जोडाच्या कडेनं फिरवा, धूर जिथे आत ओढला जाईल तिथे चीर. पण आधी पेट्रोलचा वास कुठे येत नाही ना ते बघा, आणि अगरबत्ती असताना क्लीनरचा स्प्रे जवळपासही नको.

आणि तो स्क्रू फिरवायला नको होता. त्याचं नंतर बघू.

धागाकर्ता

भाऊ, तुमचं वाचून काल दुपारी शाळेतून आल्या आल्या बसलो.

ब्रेक बूस्टरचा पाईप चिमटला, काही नाही. कॅनिस्टरचा, काही नाही. पीसीव्हीचा पाईप मॅनिफोल्डजवळ दाबला आणि रेस एकदम खाली येऊन थांबली. सोडला की परत वर. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तसंच.

वरून पाईप धडधाकट दिसत होता. क्लिप ढिली करून बाहेर काढला तेव्हा खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी लांब फट दिसली, आणि फटीच्या दोन्ही कडांना बारीक दातांचे ठसे. बॅटरीच्या ट्रेखाली कापसाचा बोळा आणि सरकीची फोलं होती. तेव्हा उलगडलं. चांगला दर मिळायची वाट पाहत दिवाळीपासून कापूस घरात आहे, त्याच खोलीला लागून गाडी उभी असते. सरकीसाठी आलेले उंदीर रात्री गरम इंजिनवर मुक्कामाला. गाडीला त्रास सुरू झाला तोही संक्रांतीच्या आसपास.

तात्पुरता पाईपचा चांगला भाग कापून बसवला. हेलकावे गेले! पण रेस २८ हर्ट्झवर अडकली आहे, म्हणजे ११२० आरपीएम, एसी बंद असताना. हे त्या स्क्रूमुळेच का? आणि तो मूळ जागी कसा आणायचा? खूण कोणी केलेली नाही.

प्रतिसाद १

त्यामुळेच. इंजिन बंद करा, अ‍ॅक्सिलरेटरची केबल ढिली आहे ना बघा. स्क्रू मागे घ्या, थ्रॉटलची पाती पूर्ण मिटेपर्यंत. मग हळू पुढे आणा, लिव्हरला नुसता टेकला की केसभर अजून. पाती अडकायला नको एवढ्यासाठीच तो स्क्रू असतो, उभ्या गाडीची रेस सांभाळणं आयडल मोटरचं (थ्रॉटलला वळसा देऊन हवा सोडणाऱ्या छोट्या मोटरचं) काम आहे. नंतर बॅटरीची निगेटिव्ह पंधरा मिनिटं काढून ठेवा. जोडल्यावर अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता दहा मिनिटं चालू द्या. स्क्रूवर नेलपॉलिशची खूण करून ठेवा.

नवा पाईप घेताना पेट्रोल-ऑइल सोसणाराच मागा. पाण्याची नळी लावली तर उन्हाळा काढणार नाही.

धागाकर्ता

स्क्रू सांगितल्याप्रमाणे लावला. आज दुपारी दोन वाजता, उन्हात, पूर्ण तापलेल्या इंजिनवर आकडा २१ ते २२, एसी लावल्यावर २५. अर्धा तास उभी ठेवली, एकदाही दचकली नाही. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. ‘आता बरा सूर लागला तिचा,’ म्हणाले.

पाईप यवतमाळहून मागवला, १८० रुपये. तो येईपर्यंत जुनाच आहे. रात्री गाडी आता कापसाच्या खोलीपासून लांब, लिंबाखाली उभी करतो आणि बोनेट उघडं ठेवतो, म्हणजे उबेला कोणी येणार नाही. गुरुवारी सेवाग्रामची पाळी आहे. भाऊ, तुमचे उपकार मी विसरणार नाही. परत आलो की इथे लिहितो.