अपस्ट्रीमला आपोआप उड्या मारू द्यायच्या की नाही?

तारयात्री
गोष्ट केबल इंटरनेटची; भांडणाचं निमित्त आधी सांगतो. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाने एका नोडच्या (एका वस्तीच्या जोडणी-पेटीच्या) चारही अपस्ट्रीमवर (घरांकडून आपल्याकडे येणाऱ्या चॅनेलवर) फ्रिक्वेन्सी हॉपिंग, म्हणजे नॉइज आला की फ्रिक्वेन्सी आपोआप बदलणं, चालू करून टाकलं. सीएमटीएसवर (सगळे मोडेम सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या यंत्रावर) स्पेक्ट्रम ग्रुप (वापरायच्या फ्रिक्वेन्सींची यादी) बनवला, दोन पट्टे दिले, हॉप पीरियड (दोन उड्यांमधलं किमान अंतर) ३० सेकंद, थ्रेशोल्ड (किती मोडेम गप्प झाले की उडी) २० टक्के, आणि ग्रुप पोर्टांना लावून मोकळा झाला. तक्रारी थांबल्या, सगळे खूश. दोन महिन्यांनी लॉग उघडला तर चॅनेल रात्रभर इकडून तिकडे पळत होतं. कारण काय, तर एका अँप्लिफायरवरचा गंजलेला कनेक्टर. हॉपिंग नसतं तर तो पहिल्याच आठवड्यात सापडला असता.

रिटर्न पाथ (घरांकडून आपल्याकडे येणारी वाट) म्हणजे नरसाळं. शेकडो घरांतला नॉइज गोळा होऊन एकाच रिसिव्हरवर पडतो. तिथे हॉपिंग लावणं म्हणजे गळक्या छपराखालची बादली सरकवत बसणं. माझं मत: फ्रिक्वेन्सी हाताने बांधा, नॉइज दिसला की माणूस खांबावर चढवा.

रात्रपाळी
बादली सरकवली नाही तर गादी भिजते, मालक. तुमचा माणूस खांबावर चढणार सकाळी. रात्री अडीचला मोडेम पडू लागतात तेव्हा फोन कोण उचलतं? मी.

आणि सगळा नॉइज गंजाचा नसतो. ७, १४ आणि २१ मेगाहर्ट्झजवळ हौशी रेडिओवाले आहेत, २७ च्या आसपास सीबी (सामान्य लोकांचे बोलायचे रेडिओ), मधेमधे शॉर्टवेव्ह केंद्रं. आपला अपस्ट्रीम कुठे ५ ते ४२, कुठे ५ ते ६५ मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे त्यांच्याच अंगणात. हौशीवाले परवाना घेऊन बोलतात, त्यांना गप्प बसा म्हणता येत नाही.

तारयात्री
त्यांचं बोलणं आपल्या तारेत शिरतं कुठून? सैल कनेक्टर, उघडी ड्रॉप केबल, टर्मिनेटर न लावलेलं टोक. फिरून पुन्हा खांबच.

डेसिबल_आजोबा
दोघेही हॉपिंग ही एकच गोष्ट धरून भांडताय. साध्या पद्धतीत सीएमटीएस फक्त एवढंच बघतं की किती टक्के मोडेम स्टेशन मेंटेनन्सच्या (ठरावीक वेळाने घेतल्या जाणाऱ्या हजेरीच्या) हाकेला ओ देत नाहीत. ठरलेल्या टक्क्यांच्या वर गेले की यादीतली पुढची फ्रिक्वेन्सी, तिथे काय वाजतंय ते न बघता. आंधळी उडी. दुसऱ्या पद्धतीत कार्डावरच स्पेक्ट्रम तपासायची सोय असते आणि आधी स्वच्छ जागा शोधून मग उडी. धाग्यातली तक्रार पहिल्या प्रकाराची दिसते.

आता ते २० टक्के. संध्याकाळी दोनशे मोडेम असलेल्या पोर्टवर ठीक. पण चारच मोडेम असलेल्या पोर्टवर एकाने घरचा प्लग काढला तरी २५ टक्के झाले! वीज गेली तर विचारूच नका: मोडेम अंधारात, आणि सीएमटीएसला वाटतं नॉइज आला. उड्या मोजण्याआधी हे तपासा. आणि चारही अपस्ट्रीम एकाच रिसिव्हरवर येत असतील तर ते सामायिक ग्रुपमध्ये आहेत ना? नसतील तर एक उडी मारून दुसऱ्याच्या डोक्यावर बसेल.

खांबावरचा
+१. वीज गेल्यावर हॉप झाला म्हणून मला पावसात पाठवलंय. तिथे सापडला फक्त अंधार.

रात्रपाळी
आजोबा, मान्य. पण मोकळी दिसते ती जागा वापरण्याजोगी असतेच असं नाही, हेही लिहा. ४२ च्या कडेला, जाणारे-येणारे सिग्नल वेगळे करणाऱ्या डायप्लेक्स फिल्टरमुळे ग्रुप डिले (सिग्नलचे भाग मागेपुढे पोचणं) वाढतो. स्पेक्ट्रमवर छान सपाट जागा, आणि १६-क्वॅम (जास्त डेटा भरणारं, पण नाजूक मॉड्युलेशन) तिथे धापा टाकतं. खाली १० मेगाहर्ट्झच्या आत तर मोटारी आणि स्विचांचा खडखडाट. शिवाय डॉक्सिस (केबल मोडेमचं मानक) १.x चे मोडेम १६-क्वॅमला ५५ डीबीएमव्हीच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) वर पाठवतच नाहीत. आधीच ५४ वर ओरडणारा मोडेम जास्त लॉस असलेल्या फ्रिक्वेन्सीवर गेला की मेला. म्हणून पट्टे देताना हावरटपणा नको. मी हॉपिंगच्या बाजूचा आहे, पण ५ ते ४२ सगळं मोकाट सोडणाऱ्यांच्या बाजूचा नाही.

तारयात्री
मग उडीच का मारायची? फ्रिक्वेन्सी, मॉड्युलेशन, चॅनेलची रुंदी, यांतलं आधी काय बदलायचं तो क्रम आपण ठरवू शकतो. मॉड्युलेशन आधी ठेवा. ३.२ मेगाहर्ट्झवर १६-क्वॅम म्हणजे १०.२४ मेगाबिट, क्यूपीएसके (साधं, दणकट मॉड्युलेशन) म्हणजे ५.१२. वेग अर्धा, पण साधारण ७ डीबी जास्त नॉइज सोसतो. रुंदी १.६ वर आणली तरी वेग अर्धाच होतो आणि हाती लागतात ३ डीबी. हिशोब स्वच्छ आहे.

डेसिबल_आजोबा
नॉइज सपाट असेल तरच स्वच्छ. टोकदार रेडिओ कॅरिअर मधोमध बसला असेल तर क्यूपीएसके त्याच्याशी झुंजत राहील. तिथे रुंदी कमी करून बाजूला सरकणं किंवा उडीच शहाणपणाची. आणि वेग अर्धा झालेला ग्राहक तुम्हाला दिसत नाही, पण त्याला दिसतो.

नवे_वारे
काका लोक, २०१३ च्या डॉक्सिस ३.१ मध्ये ओएफडीएमए आलं, म्हणजे चॅनेलचे कित्येक बारीक सबकॅरिअर. खराब सबकॅरिअर वगळा, बाकी चालू ठेवा. ३.० मध्येही चार चॅनेल जोडलेले असतात, एक बिघडला तर बाकी तीन वाहतात. एका चॅनेलला माकडासारखं नाचवायची गरजच काय?

खांबावरचा
बदलायला येताय का? मी ज्या खोल्यांत जातो तिथे यूबीआर७२०० (जुनं सीएमटीएस) अजून घरघरतंय. ओएफडीएमए म्हटलं की पंखा जोरात फिरवतं.

तारयात्री
माझं मत बदललेलं नाही, थोडं सरकलंय. २० टक्के काढून ६० करतो, हॉप पीरियड वाढवतो, वीज गेल्याची वेळ आणि हॉपची वेळ शेजारी शेजारी मांडतो. दिवसात तीनपेक्षा जास्त उड्या झाल्या की आपोआप फील्डचं तिकीट निघेल.

रात्रपाळी
तिकीट रात्री निघालं तर?

तारयात्री
तर तुम्ही झोपा, उडी मारायला सीएमटीएस आहे. उद्या त्या मुलाला अॅनालायझर घेऊन नोडवर पाठवतोय. तो म्हणतो, शिडी धरायला तुम्हीही चला.