शब्दचर्चा : ‘कोटा वालुकाश्म’ की ‘कोटा शैलसमूह’?

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा परिसरातील डायनासोरांविषयी वाचताना ‘कोटा वालुकाश्म’ आणि ‘कोटा शैलसमूह’ असे दोन्ही शब्द आढळतात. त्यांचा अर्थ एकच आहे का? तसेच तिथल्या एका डायनासोरचे नाव ‘बारापासॉरस’ आहे, म्हणजे तो बारा पायांचा प्राणी का?

उत्तर : हे दोन्ही शब्द समानार्थी नाहीत. ‘वालुकाश्म’ हे खडकाच्या प्रकाराचे नाव आहे. वालुका म्हणजे वाळू आणि अश्म म्हणजे दगड. विदर्भात वाळूला रेती म्हणतात, त्यामुळे बोलताना ‘रेतीचा दगड’ म्हटले तरी चालेल. त्याच्या तुटलेल्या कडेवर बोट फिरवले की वाळूचे कण खरखरीत लागतात. ‘शैलसमूह’ मात्र नकाशावर वेगळा दाखवता येईल असा, स्थळाच्या नावाने ओळखला जाणारा थरांचा संच असतो आणि त्यात अनेक प्रकारचे खडक असू शकतात. प्राणहिता नदीकाठच्या कोटा गावावरून नाव मिळालेल्या शैलसमूहात वालुकाश्म आहे, लाल चिकणमातीचे थर आहेत आणि ज्यात खवल्यांसह माशांचे जीवाश्म सापडतात तो चुनखडकही आहे. त्यामुळे संपूर्ण संचाला ‘वालुकाश्म’ म्हटले, तर हे मासे शब्दाबाहेरच राहतात. हाडे असलेल्या वाळूच्या थराबद्दलच लिहायचे असेल, तर ‘कोटा शैलसमूहातील जीवाश्मयुक्त वालुकाश्म’ ही रचना लांब असली तरी अचूक आहे.

आपल्या घरांतील ‘कोटा फरशी’शी याचा काही संबंध नाही. ती राजस्थानातील कोट्याकडची असून तो चुनखडक डायनासोरांच्या कितीतरी आधीचा आहे.

‘बारापासॉरस’मधील ‘बारा’ ही संख्या नव्हे. पूर्व जुरासिक काळातील या चतुष्पाद, शाकाहारी प्राण्याच्या मांडीचे हाड सुमारे १.७ मीटर लांब होते, म्हणून बंगालीतील ‘बड़ो’ म्हणजे मोठा आणि ‘पा’ म्हणजे पाय यांवरून १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले. रोमन लिपीत मूर्धन्य ‘ड़’च्या जागी ‘र’ आला आणि तोच आपण उचलला. ‘बरापासॉरस’ लिहिले तर मराठी वाचकाला ‘बरा’ हा शब्द ऐकू येतो. माझ्या मते ‘बडापासॉरस’ हेच लेखन योग्य आहे, कारण त्यात नाव ठेवणाऱ्यांना अभिप्रेत असलेला अर्थ मराठी वाचकाला टीपेशिवाय कळतो. नावाचा उत्तरार्ध ‘टागोराय’ असा असून तो रवींद्रनाथ टागोरांच्या स्मरणार्थ आहे.