मदत हवी आहे: लांबच्या प्रवासासाठी तीनचाकी मोटरसायकल, परवडणारी, नागपुरात

बुलेटवाले_काका
नमस्कार मंडळी. टूरिंगसाठी तीनचाकी मोटरसायकल घ्यायची आहे. पुढे दोन चाकं मागे एक किंवा उलटं, कसंही चालेल. यूट्यूबवर कॅन-ॲम रायकर पाहिली, तशीच पण परवडणारी हवी. सदरपासून कामठी रोडपर्यंत सगळी शोरूम पालथी घातली, तिथली पोरं मला ऑटोरिक्षाच्या डीलरचा पत्ता देऊन राहिली. दिवाळीनंतर सौ.ला घेऊन समृद्धीनं शिर्डीला जायचं आहे, तेव्हा लवकर सांगा. 'कार घ्या' म्हणणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.

तर्रीपोहा
काका, परवडणारी म्हंजे किती? आकडा टाका ना बा.

कोथरूडकर
यामाहा निकेन बघा. २०१८ची पहिली ८४७ सीसीची होती, तीन सिलिंडर, पुढची दोन्ही चाकं वळणावर झुकतात. जर्मनीत मित्राची चालवली होती. ओल्या रस्त्यावर असा भरवसा दुसऱ्या कुठल्याच गाडीने दिला नाही.

ढिला_क्लच
कोथरूडकर, निकेन भारतात विकतच नाहीत. शिवाय ती थांबल्यावर आपली आपण उभी राहत नाही, सिग्नलला पाय टेकवावाच लागतो. पियाजिओच्या एमपी३ या तीनचाकी स्कूटरला थांबल्यावर झुकणं लॉक करता येतं, पण पियाजिओ बारामतीत रिक्षा आणि व्हेस्पा बनवते, एमपी३ नाही.
रायकरचं म्हणाल तर २०१८ साली अमेरिकेत ती ८,४९९ डॉलरपासून सुरू झाली. त्यावर आयात शुल्क आणि जीएसटी चढवा, मग एखादा पार्ट गेला की तो इथे कोण आणून देणार, याचा विचार करा. आणि तिला हाताचा ब्रेकच नसतो, उजव्या पायाचं पेडल तेवढं.
काका, तीन चाकं कशासाठी हवीत ते तुम्ही लिहिलंच नाही.

बुलेटवाले_काका
कशासाठी म्हणजे? गुडघा बदललाय. चालवताना काही त्रास नाही. थांबलं की बुलेट, मागे सौ. आणि पिशव्या, एवढा भार एका पायावर येतो. परवा बर्डीच्या सिग्नलला गाडी कललीच होती, बाजूच्या पोरानं हँडल धरलं म्हणून निभावलं. बजेट अडीच लाख.

तर्रीपोहा
कोणता गुडघा?

संत्रा_मार्केट
माझ्या मोठ्या भावाला लहानपणी पोलिओ झाला. तो कितीतरी वर्षांपासून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना साइड व्हील लावलेली ॲक्टिव्हा चालवतो. गावात उत्तम. पण काका, ती गाडी वळणावर झुकत नाही, त्यामुळे वेग कमी करूनच वळवावी लागते, नाहीतर बाहेर फेकल्यासारखं होतं. रस्ता एका बाजूला उतरता असला की हँडल सारखं तिकडेच ओढतं. आणि खड्ड्यात साइडची दोन्ही चाकं काठावर टेकली की मधलं चाक अधांतरी राहतं. भाऊ ॲक्सिलरेटर देतो, चाक नुसतं गरगर फिरतं, गाडी जागची हलत नाही. मग मी मागून ढकलतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असा एक खड्डा आहे, नगरसेवक बदलले, खड्डा तोच. हिच्यावर शिर्डी? नाही बा.

ढिला_क्लच
शिवाय साइड व्हील कोणालाही लावता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. दिव्यांग व्यक्तीसाठी आरटीओच्या परवानगीने बदल होतो, पण मग ती गाडी त्याच व्यक्तीसाठी वापरायची. गॅरेजवाला एका दुपारी वेल्डिंग मारून देईल, अपघात झाला की विमा कंपनी आरसी मागेल.

संत्रा_मार्केट
भावाच्या आरसीवर नोंद आहे. मी कुठं म्हटलं बिनापरवाना लावा?

कोथरूडकर
मग साइडकार! बुलेट आहेच, तिला डावीकडे जोडा. वहिनी आरामात बसतील.

ढिला_क्लच
चालवली आहे का कधी? ॲक्सिलरेटर दिला की डावीकडे ओढते, ब्रेक मारला की उजवीकडे. डावं वळण जोरात घेतलं तर साइडकारचं चाक हवेत. नवीन गाडी शिकल्यासारखं पहिल्यापासून शिकावं लागतं, आणि नोंद आरसीवर करावीच लागते.

वर्धा_रोड_रोज
एक कोणीच बोलून नाही राहिलं. समृद्धीवर दुचाकी अन् तीनचाकी दोन्हीला बंदी आहे. कितीही चाकं जोडा, टोलवरूनच परत पाठवतील. अमरावती रोडनं जा. कोंढाळीच्या पुढं चहाला थांबा.

तर्रीपोहा
कोंढाळीत काऊन? बाजारगावातच थांबायचं.

वर्धा_रोड_रोज
बाजारगाव म्हंजे घरून निघाल्या निघाल्या. तेवढ्यात चहा कोणाला लागतो बे?

कोथरूडकर
काका, रागावू नका, पण सेकंडहँड वॅगन-आर...

तर्रीपोहा
काका, कोणता गुडघा ते सांगा ना. डावा असंन तर गिअरचा पाय, उजवा असंन तर मागच्या ब्रेकचा.

बुलेटवाले_काका
डावा. त्यानं काय फरक पडतो? आणि समृद्धीवर बंदी हे कोणत्या शहाण्यानं ठरवलं?

तर्रीपोहा
लई फरक पडते. मंग ऑटोमॅटिक स्कूटर घ्या, डाव्या पायाला कामच नाही. नवी बुलेट ३५० आहे १९५ किलोची, तुमची जुनी असंन तरी हलकी थोडीच आहे? सुझुकीची बर्गमन १२५ स्कूटर भरते ११० किलोच्या आसपास. तुमचा त्रास चाकाचा नाही, वजनाचा आहे. सिग्नलला उजवा पाय टेकवा, थांबवायला हातातले ब्रेक आहेत. शोरूमला काकूंना घेऊन जा, दोघं बसून दोन्ही तळवे टेकतात का पाहा. न टेकले तर दुसरी पाहू.

ढिला_क्लच
पहिल्यांदाच सहमत. फक्त १२५ वर दोघं आणि सामान घेऊन शिर्डी एका दिवसात करू नका, मध्ये मुक्काम करा. आणि जाण्याआधी गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारा, इथे नको.

बुलेटवाले_काका
डॉक्टरांनीच गाडीला परवानगी दिली आहे, फक्त कोणती ते सांगितलं नाही. रविवारी सौ.ला घेऊन शोरूमला जातो. पण माझा प्रश्न तीनचाकीचा होता, कोणाला अडीच लाखात माहीत असेल तर सांगावं.

नवीन_सभासद_४४
काका, बुलेट काढणार का? मॉडेल कोणतं, किती चालली? मी मानेवाड्यात राहतो, आजच बघायला येतो.