मदत हवी आहे: समुद्राचे फोटो रिकामे आणि पांढुरके येतात

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा, पंचवटीत राहतो. पाच वर्षं फोटो काढतोय, पण जवळजवळ सगळे गोदाकाठचे नाहीतर डोंगरांचे. रामकुंडावर पहाटे उभं राहिलं की पुढे पायऱ्या असतात, दिवे असतात, मागे देवळांचे कळस. अंजनेरीला कातळ आणि धुकं. कॅमेरा कुठे लावायचा ते जागाच सांगते. समुद्रावर मात्र मला काही सुचत नाही, आणि ते मनाला फार लागलंय.

माझी आत्या घोलवडला असते. कोजागरीला आम्ही जव्हारमार्गे तिच्याकडे गेलो होतो. संध्याकाळी साडेपाचला बोर्डीच्या किनाऱ्यावर ट्रायपॉड घेऊन पोचलो, तर पाणी पार आत गेलेलं. मधे नुसता ओला, सपाट पट्टा. चालत पाण्यापर्यंत गेलो. १८-५५ किट लेन्स, १८ वर ठेवली. लाट ओढली जाताना त्या पांढऱ्या रेघा याव्यात म्हणून एफ/२२ (लेन्सचं छिद्र अगदी बारीक) आणि आयएसओ १०० ठेवून शटर जमेल तितका हळू ठेवला.

घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर चाळीसपैकी एकही फोटो धड नाही. आकाश पांढरं, वाळू काळपट. वरचा अर्धा भाग रिकामा, खालचाही रिकामा. शिवाय सगळं दोनदा उमटल्यासारखं. मग आठवलं: लाट परत फिरली की ट्रायपॉडच्या पायाखालची वाळू सरकत होती, अगदी बोटभर, आणि शटर तेव्हा उघडाच होता. शेवटच्या दहा फोटोंत सूर्याभोवती दुधाळ वलय आहे. लेन्सवर खाऱ्या पाण्याचे तुषार बसले होते, ते मी रुमालाने पुसले आणि फासले गेले.

आत्याने नव्या घराच्या भिंतीसाठी समुद्राचा एक मोठा फोटो मागितलाय, तीन फुटी. तिला तो समुद्र रोज दिसतो. त्यामुळे संगणकावर केशरी केलेला सूर्यास्त मला तिच्यापुढे ठेवायचा नाही. वेळ कोणती निवडू, पुढे काय घेऊ आणि एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी काच) घेणं गरजेचं आहे का, एवढं कृपया सांगा.

प्रतिसाद १

दादा, तुमची चूक कॅमेऱ्याच्या आधी पंचांगात आहे. आमच्याकडे कोळी लोक तिथीची पाऊणपट करतात, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पुनवेला, अवसेला भरती बाराच्या आसपास, म्हणजे सहाला सुकती, पूर्ण ओहोटी. त्यातून उधाणाचे दिवस, पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब जातं. बोर्डीसारख्या सपाट किनाऱ्यावर ते दिसणारच नाही. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, तेव्हा सूर्यास्ताला पाणी सुरूंच्या बाजूला सरकलेलं मिळेल. तुम्हाला हवं ते चतुर्थी-पंचमीला आहे. भरती तीन-पावणेचारला होऊन गेलेली, सूर्य बुडताना पाणी उतरतंय, वाळू नुकतीच ओली झालेली आणि आरशासारखी. थोडं मागेपुढे होतं, म्हणून भरतीचं वेळापत्रक पाहूनच निघा. आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेला असतात, तर चंद्र समुद्रावर मावळताना मिळाला असता. आपल्या किनाऱ्यावर ती वेळ फार कमी लोक साधतात.

पुढे काय घ्यायचं? कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणा. छोटे खेकडे बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी करतात, ती तिरप्या उन्हात बघा. प्रत्येक गोळीला स्वतःची सावली असते. उभं राहून काढलंत तर त्यातलं काही दिसत नाही.

प्रतिसाद २

एफ/२२ सोडा, त्याने सगळंच मऊ पडतं. एफ/११ पुरे. सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबलात तर आयएसओ १०० वर पाव सेकंदाच्या आसपास शटर फिल्टरशिवाय मिळतो, आणि लाटेच्या रेघांना तेवढा बास होतो. बहुतेक लोक नेमके तेव्हाच सामान आवरतात. फिल्टर नंतर घ्या. आकाशासाठी एक, वाळूसाठी एक असे दोन एक्स्पोजर घेऊन जोडा, रंग खरेच राहतात.

ट्रायपॉडचे पाय आधी वाळूत दाबून रोवा, मधला दांडा वर काढू नका. लेन्सला साध्या पाण्याने ओलावलेलं सुती कापड, मग कोरडं. कोरड्याने आधी पुसलं की मीठ घासलं जातं. घरी गेल्यावर ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पाऊणपटीचं आत्याला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "अरे, मला विचारायचं होतंस ना निघायच्या आधी!" भाऊबीजेला बाबा तिच्याकडे जाणारच आहेत. मी रजा वाढवून पंचमीपर्यंत थांबतोय. फोटो इथेच टाकेन. फक्त एक सांगा: ते खेकडे ओहोटी लागल्यावर किती वेळाने बाहेर येतात?