तांबं-झिर्कोनियम काच: शिअर बँड दिसतच नाही

तुकोगंज_३२कोअर (इंदूर):
धातूची काच (स्फटिक न होता थिजलेला मिश्रधातू) संगणकावर बनवून ताणतोय. लॅम्प्स (अणूंची हालचाल मोजणारं सॉफ्टवेअर), ईएएम पोटेन्शियल (अणूंमधल्या बलांचं सूत्र), तांबं-झिर्कोनियम ६४:३६ मिश्रण, १०,००० अणू. २००० वरून ३०० केल्विनपर्यंत १०^१२ केल्विन/सेकंद दराने थंड केलं. मग १०^८ प्रति सेकंदाने २० टक्के शिअर (थर एकमेकांवर सरकवणं), तिन्ही दिशांना पिरियॉडिक (एका बाजूने बाहेर गेलेला अणू समोरून आत). ताण चढतो आणि नुसता सपाट होतो. ओविटोत (अणू दाखवणारं सॉफ्टवेअर) घसरणीचे सगळीकडे विखुरलेले ठिपके; शिअर बँड, म्हणजे सगळी घसरण एकवटलेला अरुंद पट्टा, नाही. कुठे चुकतंय?

काचवाला:
चुकलं काही नाही, घाई झाली. इतक्या वेगाने थिजलेली काच मऊच असते. कमकुवत जागा सगळीकडे, म्हणून एकाच पट्ट्यात घसरायचं तिला कारणच नाही. १०^१० ने थंड करा. २ फेम्टोसेकंदाच्या पायरीने ८.५ लाखांऐवजी ८.५ कोटी पायऱ्या होतील. रीस्टार्ट फाइल लिहीत राहा, मे महिन्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

दुसरं, १०,००० अणूंचा डबा जेमतेम ५.५ नॅनोमीटरचा. पट्टाच १० नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, तो मावणार कुठे? लहान ठोकळा सावकाश थंड करा, मग रेप्लिकेटने (ठोकळ्याच्या प्रती शेजारी जोडणारी आज्ञा) एक्समध्ये २ पट, वायमध्ये ६ पट: १.२ लाख अणू, उंची ३३ नॅनोमीटर. नंतर टीजीच्या (काच मऊ होऊ लागते त्या तापमानाच्या) जरा खाली थोडा वेळ ठेवा, नाहीतर सहाही थरांत तेच अणू एकदम सरकतील.

अन्नपूर्णा_रोड:
थर्मोस्टॅटही (तापमान स्थिर ठेवणारा भाग) बघा. त्यातलं साधं एनव्हीटी थरांच्या वाहण्याचा वेग उष्णता म्हणून मोजतं. एनव्हीटी-स्लॉड वापरा, ते वाहण्याचा वेग वजा करून तापमान मोजतं.

काचवाला:
तत्त्वतः बरोबर, पण इथे दोष तो नाही. १०^८ दराला ३३ नॅनोमीटर उंचीत वरच्या-खालच्या थरांच्या वेगात फरक ३.३ मीटर/सेकंद. अणूंचा औष्णिक वेगच ३०० च्या घरात. १०^१० दराला मात्र दोन्ही सारखेच होतात, तेव्हा फसगत होते. उलट स्लॉड सरळ रेषेतला वेग गृहीत धरतं, आणि पट्टा पडला की तो सरळ राहत नाही.

तुकोगंज_३२कोअर:
ठोकळा लावला थंड करायला. डी-स्क्वेअर-मिनसाठी (अणूचे शेजारी किती विस्कटले त्याचं माप) कटऑफ, म्हणजे शेजारी धरायचं अंतर, ३ अँगस्ट्रॉम ठेवलाय, चालेल?

अन्नपूर्णा_रोड:
नाही. झिर्कोनियम-झिर्कोनियम अंतरच ३.२ च्या आसपास, ते शेजारी गळतील. जी(आर)चा (कुठल्या अंतरावर किती शेजारी, त्याच्या आलेखाचा) पहिला खळगा बघून ठरवा, ४ च्या जवळ येईल. आणि तुलना शून्याव्या फ्रेमशी नको, १ टक्का आधीच्या फ्रेमशी करा. मगच आत्ता कुठे घसरतंय ते दिसेल.